पलंगापासून मोरीपर्यंत

या लेखातलं पहिलं काम फुकटात होतं, फक्त ते रात्री करावं लागतं. घरातल्या आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा (नाहीतर चोर समजून काठी बसेल) आणि दोनच्या सुमाराला त्यांच्या पलंगावरून उठून, दिवा न लावता, संडासापर्यंत चालत जा. चष्मा काढून ठेवा, कारण त्या वेळी त्यांच्याही डोळ्यांवर तो नसतो. वाटेत काय काय पायात येतं ते ध्यानात ठेवा. उशाशी जमिनीवर ठेवलेला पाण्याचा तांब्या. मोबाइलच्या चार्जरची वायर. जुन्या सुती लुगड्याचं शिवलेलं पायपुसणं, जे मोझॅकवरून घसरगुंडीसारखं सरकतं. उद्या पाणी येणार नाही म्हणून भरून पॅसेजमध्ये ओळीनं मांडलेल्या बादल्या. दिव्याचं बटण उघड्या दाराच्या मागे गेलेलं. मग संडासाच्या दाराशी दीड-दोन इंचांची ग्रॅनाइटची पट्टी, आणि ती ओलांडली की खाली ओली फरशी.

ही आठ-दहा पावलांची वाट आधी नीट करा. ज्येष्ठांसाठी घर बदलायचं म्हटलं की लोक हॉलपासून सुरुवात करतात, उंच सोफा आणतात, रिमोटवर वरखाली होणाऱ्या पलंगाची चौकशी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वांत मोठं असतं. आपल्याकडे यातलं बरंच पडणं घरातच, रोजच्या पायाखालच्या वाटेवर होतं. रात्री तर सगळं एकदम जुळून येतं. झोपेतून उठल्याबरोबर रक्तदाब खाली येतो, लघवीची घाई असते, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीचा अंमल असतो. डोळ्यांचंही असं की साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून तुम्हाला जो झीरोचा दिवा पुरेसा वाटतो तो त्यांना अंधारच असतो.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. पलंगावर बसल्याबसल्या हाताला येईल असं एक बटण हवं. इलेक्ट्रिशियनला टू-वे स्विच म्हटलं की कळतं. पॅसेजमध्ये जमिनीपासून हातभर उंचीवर हालचाल ओळखून लागणारे छोटे सेन्सरचे दिवे लावा. ते पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ढिगानं मिळतात. इन्व्हर्टर असेल तर हॉलच्या पंख्याआधी पॅसेजचा आणि संडासाचा दिवा त्याच्यावर घ्या. तांब्या टेबलावर, वायर भिंतीकडेनं, पायपुसणं एकतर रबरी तळाचं किंवा नाहीच. बादल्या बाल्कनीत. आणि उठल्यावर लगेच चालायला न लागता मिनिटभर पलंगाच्या कडेवर पाय सोडून बसायचं, ही सवय सगळ्या उपकरणांहून जास्त कामाची आहे.

आता अवघड भाग. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांना ते नको असतं. "मला काय धाड भरलीये?" हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही घरात ऐकायला मिळेल, आणि ते बोलणाऱ्या माणसाची चूकही नसते. आपल्या मोरीत कुणी तरी दवाखान्यातल्यासारखा दांडा लावला की आपलं वय भिंतीवर लिहिल्यासारखं वाटतं. तेव्हा हुकूम सोडू नका. आठवडाभर नुसतं बघा, की ते उठताना, वळताना, वाकताना हात कुठे टेकतात. बहुतेक घरांत याचा पुरावा भिंतीवरच असतो. संडासाच्या चौकटीवर खांद्याच्या खाली, बेसिनच्या कडेला, पॅसेजच्या वळणावर रंगावर तेलकट काळपट डाग पडलेला दिसेल. तो रोज टेकणाऱ्या तळव्याचा असतो. धरायचा दांडा तिथेच लावा. मापं पुस्तकात आहेत, पण त्या शरीरानं आपली जागा आधीच ठरवलेली असते. शिवाय "तुम्ही रोज इथे हात टेकता, तिथे धरायला काहीतरी देऊ का?" असं विचारलं तर नकार सहसा येत नाही.

मोरीत काय करायचं

सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं इथे घाला.

टॉवेलचा रॉड हा धरायचा दांडा नव्हे. पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो आणि दोन स्क्रूवर बसवलेला रॉड त्याच्यासकट खाली येतो. रबरी वाटीनं टाइलला चिकटणारे दांडे ऑनलाइन मिळतात, त्यांच्यावरही भरवसा ठेवू नका. ओल्या टाइलवर त्यांची पकड केव्हा सुटेल सांगता येत नाही. ग्रॅब बार स्टेनलेस स्टीलचा, मुठीत पूर्ण मावेल असा, म्हणजे साधारण 32 ते 40 मिलिमीटर जाडीचा घ्या. भिंत आणि दांडा यांच्यात बोटं शिरतील इतकं, चार-पाच सेंटिमीटरांचं अंतर ठेवा. जास्त ठेवलं तर कोपर अडकतं.

दांड्यापेक्षा भिंत महत्त्वाची. जुन्या सोसायट्यांत मोरीची भिंत बहुधा चार इंची विटांची असते. तीत नुसत्या प्लॅस्टिकच्या प्लगवर विसंबू नका, विटेत धरेल असा अँकर फास्टनर वापरा. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या आहेत, ज्यांना गवंडी सिपोरेक्सच म्हणतात. त्यात साधा स्क्रू भुसभुशीत मातीत रोवल्यासारखा राहतो. तिथे रासायनिक अँकर हवा, नाहीतर बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावायची. वाकड, खराडी, वाघोलीकडच्या अनेक नव्या टॉवरमध्ये भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात (मिवान म्हणतात ती पद्धत). तिथे दांडा घट्ट बसतो, पण त्या भिंतींना इमारतीचा भार असल्यानं दार रुंद करता येत नाही. ते पुढे येईलच. दांडा कुणीही लावो, प्लंबर जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला त्याला लोंबकळायला सांगा.

उंच कमोडबद्दल गैरसमज आहे की तो फक्त गुडघे बदललेल्यांसाठी असतो. खुर्चीइतकी, म्हणजे सीटसह 45 ते 48 सेंटिमीटर उंची कुणालाही सोयीची. घरात फक्त इंडियन पद्धतीचा संडास असेल आणि तोडफोड शक्य नसेल, तर भोक असलेली चौपायी कमोडखुर्ची त्यावर ठेवता येते. पायांचे रबर दर काही महिन्यांनी बदला, ते झिजतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. कमोड आहे पण बुटका असेल तर त्यावर बसवायचं उंच सीट सर्जिकलच्या दुकानात मिळतं. बसवणारा पक्का हवा, नाहीतर ते हलतं.

अंघोळीचं आपलं शास्त्र वेगळं. शॉवरखाली उभं राहणारे कमी, बादली आणि मग घेऊन पाटावर बसणारे जास्त. पाटावरून उठताना दोन्ही गुडघे आणि ओला हात यांवर सगळा भार येतो. त्यामुळे पाट काढून रबरी पायांची, पाठीला आधार असलेली अंघोळीची खुर्ची आणा. हॉलमधली प्लॅस्टिकची खुर्ची आणू नका. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. खुर्चीवर बसलं की बादली खाली राहते आणि दर मगाला वाकावं लागतं, म्हणून बादलीखाली भक्कम स्टूल ठेवा. नाहीतर लांब नळीचा हँड-शॉवर लावा, तो मुलांनाही आवडतो. सोलरचं पाणी असेल तर आधी थंड, मग गरम, हा क्रम पक्का करा. उन्हाळ्यात दुपारी टाकीतलं पाणी पोळण्याइतकं तापतं आणि मधुमेहानं पायांची संवेदना गेलेल्या माणसाला फोड आल्यावरच कळतं.

दिवाळीत काळजी दुप्पट. अभ्यंगाला तेल चोळून मोरीत शिरलेला माणूस आणि उटण्यानं निसरडी झालेली फरशी ही जोडी भयंकर आहे. तेल बाहेर खुर्चीवर बसून लावा, पायांच्या तळव्यांचं पुसून टाका, आणि अंघोळीनंतर फरशी धुण्याच्या सोड्यानं घासून घ्या. त्याच आठवड्यात माळ्यावरची पितळी भांडी काढायला सत्तरीच्या बाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढतात. माळ्यावरचं त्यांना रोज किंवा दर सणाला लागणारं सामान खांद्याच्या उंचीवर आणणं हाही घर सुरक्षित करण्याचाच भाग आहे, आणि त्याला एक सुट्टीची दुपार पुरते.

फरशी बदलणार असाल तर चकचकीत व्हिट्रिफाइड मोरीत चालणार नाही. अँटिस्किड टाइल घ्या आणि दुकानात तिच्यावर पाणी ओतून ओल्या पायानं बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. दाराशी असलेली पट्टी काढायची तर पाणी बाहेर येण्याची भीती असते. आतल्या फरशीला नाल्याकडे नीट उतार दिला आणि दारापाशी जाळीचा पन्हळ ठेवला की पाणी बाहेर येत नाही. मात्र हे वॉटरप्रूफिंगसकट करावं लागतं, वरवर केलंत तर खालचे शेजारी तुम्हाला भेटायला येतील. मोठं काम नको असेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाकडी किंवा रबरी पाचर बसवून चढ-उतार करा.

दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडेल असं करून घ्या. आत माणूस कोसळला की तो दारालाच टेकतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. कडी काढून टाका, किंवा बाहेरून नाण्यानं फिरवता येईल असं लॉक लावा. खासगीपणाची चिंता असेल त्यांनी दारावर "आत माणूस आहे" अशी पाटी अडकवावी. पुण्यात पाटी लिहिणारा माणूस कमी पडणार नाही.

एक गोष्ट मात्र केवळ वयाशी संबंधित नाही. गॅसचा गिझर मोरीच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढा, बाल्कनीत किंवा उघड्या हवेत लावा. बंद दाराआड ज्योत जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होतो. ज्येष्ठ हळू अंघोळ करतात, दार घट्ट लावून, थंडीत खिडकीही बंद करून. म्हणून त्यांना धोका अधिक.

चाकाची खुर्ची घरात आली की

खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि चार दिवसांनी व्हीलचेअरवर घरी आणलं, की मग मोजपट्टी शोधली जाते. साधी अठरा इंची बैठकीची खुर्ची चाकांसकट पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते. जुन्या फ्लॅटमध्ये मोरीचं दार सव्वादोन फुटी, त्यातून चौकटीची जाडी वजा केली की हातात उरतात चोवीस इंच. खुर्ची दाराशी अडते. तेव्हा खुर्ची विकत किंवा भाड्यानं घेण्याआधी घरातलं सगळ्यात अरुंद दार मोजा.

दार रुंद न करता काही इंच मिळवता येतात. पल्ला पूर्ण काढून पडदा किंवा सरकतं दार लावा. दार उघडल्यावर पल्ला चौकटीच्या बाहेर वळवणारी वेगळी बिजागरी मिळते, तिनं पल्ल्याच्या जाडीइतकी जागा सुटते. काही जणांसाठी छोट्या चाकांची, अरुंद कमोड-कम-शॉवर खुर्ची हाच उपाय असतो. पलंगावरून तिच्यावर, आणि तीच थेट कमोडवर. भिंत तोडायचीच झाली तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, आणि काँक्रीटच्या ओतलेल्या भिंतीला हात लावू नका. नवं दार करायचं असेल तर मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर ठेवा. खुर्ची जागच्या जागी फिरवायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं. जुन्या दोन खोल्यांच्या घरात ते फक्त हॉलमध्ये निघेल, आणि त्यासाठी टीपॉय जाईल. जाऊ द्या.

दृष्टिहीन माणसाच्या घरात नियम उलटा. तिथे काही हलवायचं नाही. टीपॉय जिथे आहे तिथेच कायम. आणि दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धं उघडलेलं दार कपाळावर येतं, कारण पुढे केलेला हात त्याच्या कडेच्या बाजूनं निघून जातो. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाची दारंही तशीच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बेल वाजल्यावर लखलखणारा दिवा मिळतो. तो हॉलबरोबर मोरीतही लावा. आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला रात्री आरशात दिसणारं आपलंच रूप परकं वाटू शकतं, तेव्हा पॅसेजमधला आरसा झाकावा. संडासाचं दार ओळखू यावं म्हणून त्यावर मोठं चित्र आणि वेगळा रंग द्या. शेगडी विसरत असतील तर स्वतः बंद होणारी इंडक्शन शेगडी द्या आणि गॅसचा कॉक बंद ठेवा.

देव्हाऱ्याचा प्रश्न नाजूक असतो. पूजा जमिनीवर बसून करायची सवय असते आणि त्यानंतर उठणं हे दिवसातलं सगळ्यात अवघड काम. देव्हारा टेबलाच्या उंचीवर घ्या आणि समोर हातांची खुर्ची ठेवा. याला घरात विरोध होईल असं वाटतं, पण आजीनं एकदा खुर्चीवर बसून आरामात सहस्रनाम म्हटलं की तो मावळतो.

जिना आणि सोसायटी

पेठांमधल्या वाड्यांचे जिने उभे, अंधारे आणि लाकडी होते, पण बऱ्याच जिन्यांत वरून सोडलेला जाड दोर असायचा, धरून चढायला. नंतरच्या सोसायट्यांत तो दोर गेला आणि त्याच्या जागी एका बाजूला जेमतेम कठडा आला. पानशेतच्या 1961 च्या पुरानंतर गोखलेनगर, सहकारनगर भागात वसाहती उभ्या राहिल्या, मग कोथरूड, कर्वेनगर, बिबवेवाडी भरत गेली. तीन-चार मजले, लिफ्ट नाही. हवा छान येते म्हणून तिशीत हौसेनं घेतलेला तिसरा मजला पंचाहत्तरीत अडकवून ठेवतो. घर आतून कितीही सुरक्षित केलं तरी माणूस महिन्यातून एकदा, तेही दवाखान्यात जायला खाली उतरत असेल, तर आपण त्याला नीट सजवलेल्या खोलीत कोंडलंय एवढंच.

जिन्यात ताबडतोब करता येण्याजोगी कामं तीन. दोन्ही बाजूंना कठडा हवा. पक्षाघातानं एक हात गेलेल्या माणसाला चढताना उपयोगी पडणारा कठडा उतरताना नेमका निकामी हाताकडे येतो. कठडा पहिल्या पायरीआधी आणि शेवटच्या पायरीनंतर वीतभर पुढे जायला हवा, कारण पाय चुकतो तो तिथेच. दुसरं, प्रत्येक पायरीच्या कडेला रंगाची ठळक पट्टी. मोझॅकच्या पायऱ्या वरून बघताना एकच सपाट उतार वाटतात, आणि बायफोकल चष्म्याच्या खालच्या काचेतून तर कड पुसूनच जाते. तिसरं, जिन्याच्या वळणांवरचे चपलांचे स्टँड, सायकली आणि कुंड्या हलवा. यातलं तिसरं सगळ्यात कठीण, हे सोसायटीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

इमारतीच्या तोंडाशी तीन पायऱ्या असतात आणि तिथे उतार बांधू, असं ठरतं. गवंडी जागा असेल तेवढ्यात बसवतो आणि घसरगुंडी होते. नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, त्याला अठरा फूट उतार. जागा नसेल तर मध्ये वळण घ्या. तेवढंही नसेल तर पक्का उतार बांधण्याऐवजी दुमडता येणारा अॅल्युमिनियमचा घ्या, दोघांनी धरून वापरायचा. धोकादायक उतारापेक्षा पायऱ्या बऱ्या.

लिफ्ट बसवायचा ठराव सभेत आला की तळमजल्याचे सभासद म्हणतात, आम्ही वापरत नाही तर पैसे का द्यायचे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर सारखा पडतो, लिफ्ट वापरा की वापरू नका. नव्यानं बसवण्याचा खर्च कसा वाटायचा ते मात्र सर्वसाधारण सभेला ठरवावं लागतं, आणि तिथे तडजोडीची तयारी ठेवा. वरच्या मजल्यांनी थोडा जास्त वाटा उचलला आणि भांडण मिटलं, तर ते कोर्टकचेरीपेक्षा स्वस्त. महापालिकेची परवानगी लागते आणि लिफ्टचा सरकारी परवाना वेगळा. आराखडा बघताना एकच प्रश्न आधी विचारा, की लिफ्ट कुठे उघडते? जुन्या इमारतींना बाहेरून लावलेल्या लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या मधल्या वळणावर उघडतात. म्हणजे लिफ्टमधून उतरून पुन्हा सात-आठ पायऱ्या. धडधाकट माणसाला ते चालतं. ज्याच्यासाठी लिफ्ट आणली त्याला नाही.

मदत कुठून

लगेच सगळं विकत घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन महिने वॉकर, कमोडखुर्ची, पुढे-मागे उचलता येणारा पलंग लागतो आणि नंतर ते सगळं माळ्यावर जातं. पुण्यात अनेक सेवाभावी संस्था हे साहित्य अनामत रक्कम आणि नाममात्र भाड्यावर देतात. रा. स्व. संघ जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं त्यांपैकी. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात चौकशी केली की पत्ता मिळतो. पासष्टीपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 2024 पासून उपकरणांसाठी एकदा तीन हजार रुपये खात्यात मिळतात. ती रक्कम फार नाही, पण कमोडखुर्ची आणि काठी त्यात येते. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढलेलं नसेल तर काढून घ्या. पुण्यात ससून आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालयही याच शहरात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत. पार्किन्सन्सही त्यात आहे, हे अनेक घरांना माहीत नसतं.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला लेखी विचारून दांडे लावा, जाताना भोकं बुजवून द्यायचं कबूल करा. भिंतीला हात लावायची परवानगीच नसेल तर जमीन आणि छत यांच्यात दाबून बसणारा खांब किंवा कमोडभोवती बसणारी मोकळी चौकट मिळते.

एकट्या राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घराची एक किल्ली शेजारी असावी आणि आतली कडी रात्री लावू नये, लॅच पुरे. मुलगा अमेरिकेत आणि कडी आतून, अशी घरं दार फोडून उघडावी लागतात. फोन टेबलावर न ठेवता गळ्यात किंवा खिशात ठेवावा, पडलेल्या माणसाचा हात टेबलापर्यंत जात नाही. त्यात 112, 108 आणि ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन साठवलेली असावी. पहिलं नाव शेजाऱ्याचं असावं, मुलाचं नव्हे.

पुनर्विकास होतोय?

एरंडवणे, कोथरूड, सहकारनगर इथल्या शेकडो सोसायट्यांत सध्या हेच चाललंय. सभासदांचं सगळं लक्ष किती टक्के जागा वाढवून मिळणार याकडे. माझं मत विचाराल तर त्या वाढीव जागेतली थोडी सोडून पुढच्या मागण्या करारात घालाव्यात, कारण बांधताना त्यांना जवळजवळ खर्च नाही आणि नंतर त्या पैसे ओतूनही होत नाहीत. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत एकही पायरी नको. पार्किंगमध्ये पावसाचं पाणी शिरतं म्हणून लिफ्टपुढे दोन पायऱ्या चढवतात, तिथे उतार हवा. एक लिफ्ट स्ट्रेचर आडवं मावेल अशी. प्रत्येक फ्लॅटमध्ये किमान एका मोरीचं दार 90 सेंटिमीटर, बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आणि दाराशी पट्टी नाही. त्या मोरीच्या कमोडजवळच्या भिंती दांडे झेलतील अशा, आणि त्या कुठल्या ते नकाशावर खूण करून. बाल्कनीच्या दाराखालची चौकट फरशीत बुडवलेली. बटणं एक मीटरच्या आसपास. हे "प्रयत्न करू" या शब्दांत नको, मापांसकट हवं, आणि आर्किटेक्टच्या नकाशावर हवं.

ताबा घेण्याच्या दिवशी एक व्हीलचेअर भाड्यानं आणा. सोसायटीतल्या सगळ्यात अंगानं भरलेल्या सभासदाला तिच्यात बसवा आणि फाटकापासून लिफ्ट, फ्लॅटचं दार, पॅसेज, मोरी असं ढकलत न्या. जिथे अडेल तिथे फोटो काढा आणि तेवढ्यापुरती ताबापावतीवरची सही थांबवा.